नेटवर्क मार्केटिंगमधले ‘कायमचे’ उत्पन्न

काम एकदा करायचे आणि त्याचा मोबदला पुढे वर्षानुवर्षे मिळत राहायचा, अशा उत्पन्नाला रेसिड्युअल इन्कम म्हणतात. लेखकाची रॉयल्टी, गाळ्याचे भाडे ही त्याची नेहमीची उदाहरणे. या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र आयुर्विमा एजंटाचे आहे. एजंट पॉलिसी एकदा विकतो. विमेदार हप्ते भरत राहिला तर एजंटाला नूतनीकरणाचे कमिशन मिळत राहते आणि ठरावीक अटी पूर्ण झाल्या असतील तर त्याच्या पश्चात ते वारसालाही मिळते. नेटवर्क मार्केटिंगच्या बैठकीत प्लॅन दाखवणारा हेच चित्र उभे करतो. तीन-चार वर्षे मेहनत घ्या, माणसांची साखळी उभी करा, मग नोकरी सोडून घरी बसलात तरी दरमहा पैसे येतील, असे सांगितले जाते. हे आश्वासन ऐकून बचत आणि नातेसंबंध पणाला लावणारी कुटुंबे महाराष्ट्रात शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत आढळतात. म्हणून हे उत्पन्न नेमके कुठून येते, याचा हिशेब मांडायला हवा.

या व्यवसायात कंपनी साबण, शाम्पू, प्रोटीन पावडर, भांडी असा माल दुकानांऐवजी स्वतंत्र विक्रेत्यांमार्फत विकते. विक्रेत्याला पैसे मिळण्याचे दोन मार्ग असतात. स्वतः विकलेल्या मालावरचा नफा हा पहिला. दुसरा मार्ग म्हणजे त्याने जोडलेल्या आणि त्या जोडलेल्यांनी पुढे जोडलेल्या माणसांच्या, म्हणजे ‘डाउनलाइन’च्या, खरेदी-विक्रीवरचे कमिशन. रेसिड्युअल म्हणून जे सांगितले जाते ते हे दुसरे उत्पन्न. ते छापील किमतीवर मोजले जात नाही. प्रत्येक वस्तूला कंपनीने वेगळे मूल्य ठरवून दिलेले असते, ते सहसा किमतीपेक्षा कमी असते आणि टक्केवारी त्यावर लागते.

अनेक कंपन्यांत टक्केवारी पायऱ्यापायऱ्यांनी वाढते आणि वरच्याला स्वतःच्या व खालच्याच्या टक्केवारीतला फरक तेवढा मिळतो. समजा, एका गटाची महिन्याची उलाढाल 2,00,000 रुपये आहे, गटप्रमुख 21 टक्क्यांच्या पायरीवर आहे आणि त्याच्या हाताखालचे सगळे 12 टक्क्यांवर. फरक 9 टक्क्यांचा, म्हणजे प्रमुखाचे 18,000 रुपये. आता निम्म्या लोकांनी खरेदी थांबवली. उलाढाल 1,00,000 वर आली, त्यामुळे प्रमुख 15 टक्क्यांवर घसरला आणि खालचे 9 टक्क्यांवर. फरक उरला 6 टक्क्यांचा, म्हणजे 6,000 रुपये. गट निम्मा झाला आणि उत्पन्न एक तृतीयांशावर आले. आकडे समजण्यापुरते घेतले असले तरी पायऱ्यांच्या प्लॅनचा हा गुण खरा आहे: चढताना उत्पन्न वेगाने वाढते, तसेच ते वेगाने कोसळते.

आणि गळती ही या व्यवसायात रोजची बाब आहे. विम्याचा हप्ता मध्येच थांबवला तर विमेदाराचे स्वतःचे नुकसान होते, म्हणून तो शक्यतो भरत राहतो. महागडी टूथपेस्ट किंवा प्रोटीन पावडर घेणे थांबवणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. उलट पैसे वाचतात. साखळीतला माणूस कमाईच्या आशेने माल घेत असेल, तर आशा संपली की खरेदीही संपते. गळालेल्यांच्या जागी नवे लोक आणावे लागतात, त्यांना शिकवावे लागते, राहिलेल्यांचा उत्साह टिकवावा लागतो. शिवाय कमिशन मिळवायचे तर अनेक प्लॅनमध्ये स्वतःचा ‘आयडी अ‍ॅक्टिव्ह’ ठेवण्यासाठी दरमहा ठरावीक खरेदी करावी लागते. हे सारे पाहता साखळीतले उत्पन्न दर महिन्याला नव्याने कमवावे लागणारे विक्री कमिशन आहे. त्याला कायमचे म्हणणे चूक आहे.

साखळी वाढण्यालाही मर्यादा आहे. ‘प्रत्येकाने फक्त पाच माणसे जोडायची’ हे वाक्य ऐकायला सोपे वाटते. पहिल्या पातळीवर 5, मग 25, 125, 625. अकराव्या पातळीवर 4 कोटी 88 लाख माणसे लागतात, बाराव्या पातळीवर 24 कोटींहून अधिक. 2011 च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. तेराव्या पातळीवर 122 कोटी माणसे लागतात आणि वरच्या पातळ्या धरून बेरीज देशाच्या लोकसंख्येपलीकडे जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पाच-पाचची साखळी कोणत्याही पातळीवर थांबली, तरी त्या क्षणी तिच्यातले सुमारे 80 टक्के लोक सर्वांत खालच्या पातळीवर असतात आणि त्यांच्या खाली एकही माणूस नसतो. त्यांच्या वरच्या पातळीवर आणखी 16 टक्के. म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणांखाली फार तर पाच माणसे. यात कोणाच्या आळसाचा किंवा जिद्दीचा प्रश्न येत नाही. साखळीची रचनाच तशी आहे. अपयशी ठरलेल्याला ‘तू कमी पडलास’ असे सांगणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

प्रत्यक्ष कमाईचे आकडेही याला दुजोरा देतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये 70 नेटवर्क मार्केटिंग कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेली उत्पन्नाची विवरणे तपासली. बहुतेक सहभागींना वर्षाला 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळाल्याचे दिसले, आणि यातल्या बऱ्याच विवरणांत खर्च वजाच केलेला नव्हता. प्रवास, फोन, नमुन्याचा माल, सेमिनारची तिकिटे, प्रेरणादायी पुस्तके हा खर्च विक्रेत्याच्याच खिशातून जातो.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतलाच. न्यूट्रिलाइट या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकण्यासाठी 1945 मध्ये तिथे विक्रेत्यांनी विक्रेते जोडण्याची योजना आली. न्यूट्रिलाइटचेच विक्रेते असलेल्या रिच डेव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल यांनी 1959 मध्ये मिशिगन राज्यातल्या एडा इथे अ‍ॅमवे स्थापन केली. तिची पद्धत पिरॅमिड योजना, म्हणजे मालविक्रीऐवजी माणसे जोडण्यावर चालणारी योजना, आहे का, या वादात फेडरल ट्रेड कमिशनने 1979 मध्ये निर्णय दिला. न विकलेला माल कंपनी परत घेते, विक्रेत्याने घेतलेल्या मालापैकी 70 टक्के माल खपलेला असावा लागतो आणि त्याला दहा किरकोळ ग्राहक दाखवावे लागतात, या नियमांमुळे अ‍ॅमवे पिरॅमिड ठरली नाही. त्याच निर्णयात किमती ठरवून देण्याबद्दल आणि कमाईचे फुगवलेले दावे करण्याबद्दल तिला मनाई झाली. या व्यवसायाच्या बाजूने बोलणारे पहिला भाग नेहमी सांगतात. दुसऱ्या भागाचा उल्लेख क्वचित होतो. 2016 मध्ये हर्बालाइफ या अशाच कंपनीने त्याच कमिशनशी तडजोड करून 20 कोटी डॉलर भरले आणि अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश भाग पडताळलेल्या किरकोळ विक्रीवर आधारण्याचे मान्य केले.

भारतात या व्यवसायावर सर्वांत जुनी कायद्याची पकड 1978 च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्टची आहे. सभासद जोडण्यावर अवलंबून झटपट किंवा सहज पैसा देणारी योजना चालवणे हा त्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सभासद जोडणे आणि योजनेत सहभागी होणेही त्याच मनाईत येते, त्यामुळे वरच्याच्या सांगण्यावरून नातेवाइकांना जोडणारा साधा माणूसही अडचणीत येऊ शकतो. अ‍ॅमवेने 1998 मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला. तिची योजना या कायद्याच्या व्याख्येत बसते, असे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 2007 मध्ये म्हटले. 2013 मध्ये केरळ पोलिसांनी कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाला अटक केली. 2022 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पिरॅमिड योजनेच्या आरोपावरून कंपनीची 757 कोटींहून अधिक रुपयांची मालमत्ता जप्त केली; हे प्रकरण 2011 च्या तपासाशी संबंधित असल्याचे कंपनीने म्हटले.

केंद्र सरकारने 2016 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणि 28 डिसेंबर 2021 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम जारी केले. त्यानुसार कंपनीला प्रवेश शुल्क किंवा नोंदणी शुल्क घेता येत नाही. माणूस जोडल्याबद्दल पैसे देता येत नाहीत. मोबदला मालाच्या विक्रीतूनच यायला हवा. करार केल्यावर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोय हवी. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. तक्रार निवारण अधिकारी नेमणे, त्याने 48 कामकाजी तासांत तक्रारीची पोच देणे आणि सर्वसाधारणपणे महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. पिरॅमिड आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर पूर्ण बंदी आहे.

नियम पाळणारी थेट विक्री हा कायदेशीर व्यवसाय आहे आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना चांगला माल विकून घरखर्चाला हातभार लावणारे, विशेषतः महिला विक्रेत्या, यात आहेत. त्यांचा पाया साखळीबाहेरचे गिऱ्हाईक हाच असतो. त्यामुळे जॉइन होण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: कमाईची योजना बाजूला ठेवली, तर हा माल या किमतीला शेजारी विकत घेईल का? उत्तर नाही असेल तर पैसे माल खपून येत नाहीत, पुढच्या सभासदाच्या खिशातून येतात. कंपनीकडे विक्रेत्यांच्या सरासरी उत्पन्नाचे लेखी आकडे मागावेत, परतावा धोरण वाचावे आणि साखळीतल्या ‘डायमंड’सारख्या वरच्या पदाला पोहोचलेल्याच्या गाडीचे फोटो पुरावा मानू नयेत. पैसे अडकलेच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ठेवी म्हणून पैसे घेतले असतील तर महाराष्ट्रात 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा लागू होऊ शकतो आणि तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे नेता येते. पावत्या, बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कमाईची आश्वासने पुसून न टाकता जपून ठेवावीत.