विश्लेषण : भट्टीतील गरम वायूंचे किरण ऑनलाइन कसे मोजतात? कॅल्क्युलेटरचे उत्तर कुठे चुकते?

बॉयलरच्या भट्टीत ज्वाळांच्या पलीकडची नळी किती तापली आहे, हे बाहेरूनच थर्मल कॅमेऱ्याने पाहता येते. पण कॅमेरा चुकीच्या तरंगलांबीवर चालत असेल, तर नळीऐवजी मधल्या वायूचाच आकडा पडद्यावर येतो. नळी प्रमाणाबाहेर तापत राहिली आणि ते कळलेच नाही, तर ती फुटू शकते. कोणत्या तरंगलांबीवर वायू किती इन्फ्रारेड किरण सोडतो, हे गणित आता ब्राउझरमध्ये करता येते. ‘स्पेक्ट्रलकॅल्क’ हे त्यातले एक परिचित नाव. तिथल्या काही सोयी मोफत आहेत, बाकीच्या सभासदांसाठी.

तापलेले लोखंड आणि तापलेला वायू यांत फरक काय?

लोखंड सगळ्याच तरंगलांबींवर कमी-अधिक किरण सोडते. वायूचे तसे नाही. भट्टीतल्या धुरात सर्वाधिक असतो तो नायट्रोजन, आणि इन्फ्रारेडच्या बाबतीत तो जवळपास मुका. किरण सोडतात ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, तेही ठरावीक पट्ट्यांत. 2.7 मायक्रॉनच्या आसपास दोघेही, 4.3 मायक्रॉनला कार्बन डायऑक्साइड जोरात. मध्ये 3.9 मायक्रॉनजवळ बरीच शांतता असते. भट्टीत डोकावणारे कॅमेरे नेमकी हीच फट वापरतात.

आग ओळखणाऱ्या अनेक सेन्सरचे काम उलटे. ते 4.3 ते 4.4 मायक्रॉनवरच लक्ष ठेवतात. सूर्याकडून येणारे या पट्टीतले किरण हवेतला कार्बन डायऑक्साइड वाटेतच शोषतो. मग ज्वाळेचे किरण कसे पोहोचतात? गरम वायूची पट्टी थंड वायूपेक्षा रुंद असते. तिच्या कडा हवेतून निसटतात.

कॅल्क्युलेटरमध्ये काय भरायचे?

वायू, त्याचे प्रमाण, तापमान, दाब, थराची जाडी आणि तरंगांची कक्षा. ही कक्षा अनेकदा तरंगसंख्येत मागतात. 10,000 ला मायक्रॉनने भागले की ती मिळते, 4.3 मायक्रॉन म्हणजे सुमारे 2,326 प्रति सेंटिमीटर. उत्तर बहुधा पारगम्यतेत येते, म्हणजे थरातून किती किरण पार गेले. थर एकसारखा तापलेला असेल, तर 1 मधून पारगम्यता वजा केली की उत्सर्जनक्षमता हाती लागते. हा किर्कहॉफचा 1859 मधला नियम. ती त्याच तापमानाच्या कृष्णवस्तूच्या किरणांशी गुणायची.

1,500 केल्व्हिनला कृष्णवस्तू दर चौरस मीटरला सुमारे 287 किलोवॉट सोडते. 10 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि 10 टक्के वाफ असलेला, साध्या हवेच्या दाबाचा एक मीटर जाडीचा थर ढोबळमानाने त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास.

चूक कुठे होते?

सगळ्यात साधी चूक सेल्सिअसची. 1,000 अंश सेल्सिअस म्हणजे 1,273 केल्व्हिन. नुसते 1,000 टाकले, तर कृष्णवस्तूचा आकडा खऱ्याच्या 38 टक्क्यांवर येतो. कॅल्क्युलेटर तक्रार करत नाही.

दुसरी चूक लपलेली असते. बहुतेक कॅल्क्युलेटरमागे ‘हायट्रॅन’ ही माहितीसूची असते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत, वातावरणाच्या अभ्यासासाठी तिचे काम सुरू झाले. तिच्यातली रेषांची तीव्रता 296 केल्व्हिनला, म्हणजे खोलीच्या तापमानाला दिलेली असते. वायू तापला की थंडपणी नगण्य असलेल्या असंख्य रेषा जाग्या होतात. त्या सूचीत नसतील, तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. त्यासाठी ‘हायटेम्प’ ही वेगळी सूची आहे. तिच्या 2010 च्या आवृत्तीत एकट्या पाण्याच्या रेषा 10 कोटींहून अधिक होत्या. आकडा कोणत्या सूचीवरून आला, हे म्हणूनच आधी पाहायचे.

कोळसा किंवा उसाचा बगॅस जाळणाऱ्या भट्टीत काजळी आणि राखेचे कणही उडत असतात. ते लोखंडासारखे सलग किरण सोडतात, त्यामुळे 3.9 मायक्रॉनची फटही पूर्ण स्वच्छ राहत नाही. फक्त वायूचा हिशेब करणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये हे कण धरलेलेच नसतात.