एका माणसाची निष्ठा आणि लाखोंची वारी: हैबतबाबांनी नेमकं काय केलं?

आषाढी जवळ आली की तुमच्या फीडवर वारीचे व्हिडिओ सुरू होतात. लाखो माणसं, आळंदी ते पंढरपूर पायी प्रवास, तरी सगळं शिस्तीत. ही शिस्त आली कुठून?

उत्तरासाठी सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावात जावं लागतं. इथले हैबतराव पवार ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडलं, पण कैदेतही त्यांनी हरिपाठ सोडला नाही आणि शेवटी त्यांची सुटका झाली, अशी आख्यायिका आहे. पुढे ते आळंदीत माउलींच्या सेवेतच राहिले.

पालखी त्याआधीही होतीच. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी 1685 मध्ये ती प्रथा सुरू केली होती. 1832 च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला.

मग त्यांनी वेगळं काय केलं?

लष्करातली शिस्त त्यांनी भक्तीत आणली. कोणती दिंडी कुठे चालणार, कोणते अभंग कधी म्हणायचे, हे ठरलं. आजही मुक्कामी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सगळा तळ शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकलं जातं.

आणि लोक जोडले गेले

अंकलीच्या शितोळे सरदारांनी सोहळ्यासाठी घोडे आणि तंबू दिले. अंकली आज कर्नाटकात आहे, पण माउलींचे अश्व अजूनही तिथूनच येतात. आरफळकर घराण्यानेही हा वारसा पुढे चालवला. त्यांचे वंशज आजही पालखी सोहळ्याचे ‘मालक’ म्हणून ओळखले जातात. म्हणायला मालक, पण वाट्याला येते ती सेवाच.

यातून काय कळतं?

हैबतबाबांनी फक्त स्वतःचा नेम पाळला असता, तर तो त्यांच्यासोबतच संपला असता. त्यांनी त्या नेमात इतरांसाठी जागा केली. कुणाला टाळ, कुणाला पताका, कुणाला घोड्याची जबाबदारी. ज्याला काम मिळालं, तो त्या श्रद्धेचा भागीदार झाला.

आळंदीत मंदिराच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिकी सोहळ्याची सुरुवात तिच्याच पूजनाने होते. पुढच्या वेळी आळंदीला गेलात, तर आत जाण्याआधी तिथे क्षणभर थांबा.