‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका!

वसमतच्या बाजारातून घरी येताना आजोबा रोजचाच रस्ता चुकले, तर ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. पण हा डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश असू शकतो. २०२३ मधल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे.

मग टाळता येतो का? ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात १४ धोके दिले आहेत. ते दूर केले तर जगभरातले जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा आजार लांबू शकतो. यात बीपी, शुगर, बिडी-सिगारेट, एकटेपणा तर आहेच. शिवाय कमी ऐकू येणं आणि उपचाराविना राहिलेली कमजोर नजरही आहे.

म्हणून आजोबांचं कानाचं मशीन, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. विसर वाढला तर डॉक्टरांना दाखवा. कारण थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेमुळेही विसर पडतो, आणि तो उपचारांनी सुधारू शकतो.