मधुमेह आहे? मग डोळ्यांचा पडदा तपासून घ्या

"डॉक्टर, मला चांगलं दिसतंय. मग डोळे कशाला तपासायचे?" मधुमेहाच्या रुग्णांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. प्रश्न रास्त आहे. पण मधुमेहामुळे डोळ्याला होणारी इजा सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही आणि नजरेतही फरक पडत नाही. म्हणूनच ती धोक्याची आहे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूस पडदा (रेटिना) असतो. त्यात केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की त्या कमकुवत होऊन पाझरू लागतात, काही बंद पडतात. मग रक्तपुरवठा कमी पडल्याने नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. पडद्याच्या मध्यभागी सूज येईपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत रुग्णाला काहीच कळत नाही.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले. बारा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, डोळे मात्र कधी तपासले नव्हते. उजव्या डोळ्यासमोर अचानक काळे जाळे आले होते. आत रक्तस्राव झाला होता. डाव्या डोळ्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण पडदा पाहिला तर तिथेही नव्या वाहिन्या वाढत होत्या. वेळीच लेसर केल्याने डाव्या डोळ्याची नजर टिकली. उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करूनही त्या डोळ्याने वाचन होत नाही.

प्रौढपणी होणाऱ्या (टाइप २) मधुमेहात निदान होताच पडद्याची तपासणी करावी आणि नंतर दरवर्षी. लहान वयातील (टाइप १) मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांच्या आत ती सुरू करावी. मधुमेही स्त्रीला दिवस राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवावेत.

चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात. नंतर काही तास जवळचे धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. तेव्हा सोबत कुणाला तरी आणा, गॉगल ठेवा आणि स्वतः मोटारसायकल चालवू नका. साखर फार वरखाली होत असेल तर नंबरही बदलतो. ती स्थिरावल्यावरच नवा चष्मा करा.

दोष आढळला तर घाबरू नका. लेसर आणि डोळ्यात देण्याची इंजेक्शने हे उपचार उपलब्ध आहेत. मात्र लेसरचे मुख्य काम आहे ती नजर राखण्याचे. गेलेली नजर तो सहसा परत आणत नाही. म्हणून वेळेला महत्त्व.

मूळ उपाय साखरेवर ताबा हाच. अमेरिकेत टाइप १ मधुमेहींवर झालेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी बहुतेकांची सातच्या आसपास असावी. तुमचे उद्दिष्ट तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबही आटोक्यात हवा. तंबाखू, विडी, सिगारेट सोडावी. डोळ्यात मध किंवा झाडपाल्याचा रस घालू नये. त्याने पडदा सुधारत नाही, उलट जंतुसंसर्ग होऊ शकतो.

डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके वा जाळे आले, सरळ रेघ वाकडी दिसू लागली किंवा एका डोळ्याची नजर एकदम कमी झाली, तर बाजारच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. म्हणजे तुमच्या घरात नाही तर शेजारी कुणीतरी असणारच. दिवाळीआधीचा एक दिवस दरवर्षी या तपासणीसाठी राखून ठेवा, आणि घरातल्या मधुमेही माणसाला सोबत घेऊन जा.