इवल्याशा हृदयाचा नोथुरा

1833 साली उरुग्वेतल्या माल्दोनादोच्या माळरानावर चार्ल्स डार्विनने शिकारीची एक विलक्षण तऱ्हा पाहिली. घोडेस्वार जमिनीवरच्या पक्ष्याभोवती फेऱ्या मारत दर फेरीला जरा जवळ सरकत, आणि पक्षी हाती लागे. पोरं तर लांब काठीच्या टोकाला फास बांधून शांत, म्हाताऱ्या घोड्यावरून दिवसाला तीस-चाळीस पक्षी पकडत. डार्विनला हा पक्षी अगदी मूर्ख वाटला.

तो होता नोथुरा. तिनामू कुळातली, दक्षिण अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांतली ही प्रजाती. दिसायला आपल्या तितर-लाव्यांसारखी, पण त्यांच्याशी तिचं जवळचं नातं नाही.

मूर्खपणाचा तो शिक्का मात्र अन्यायाचा आहे. तिनामूंचं हृदय शरीराच्या मानाने साऱ्या पक्ष्यांत लहान, वजनाच्या किलोमागे जेमतेम दीड ते तीन ग्रॅम. छातीचे स्नायू भरदार, पण त्यांना रक्त पुरवणारा पंपच तोकडा. त्यामुळे नोथुरा फडफडाट करत जोरात उठतो, थोडं अंतर कापतो आणि पुन्हा गवतात उतरतो. लागोपाठ उठवलं तर दमून जातो. अशा पक्ष्याने उडण्याआधी दबून बसावं, यात शहाणपणच आहे. पाठीवरच्या पिवळट-तपकिरी रेघा सुक्या गवतात अशा मिसळतात, की वरून घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याला तो सहसा दिसतच नाही. घोड्यावरच्या माणसापुढे मात्र ही युक्ती चालत नाही.

घरट्याचा भार नराकडे. मादी अंडी घालून निघून जाते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतं. अंडी गडद चॉकलेटी आणि चिनीमातीच्या भांड्यासारखी चकचकीत. कवचावरचा बाहेरचा थर इतका गुळगुळीत असतो, की प्रकाश त्यावरून जवळजवळ आरशासारखा परततो.

डार्विनने पाहिलेला फास ऱ्हिया या दक्षिण अमेरिकेतल्या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याच्या पिसाच्या दांडीचा असे. आज डीएनए सांगतो, की ऱ्हिया, शहामृग, इमू आणि तिनामू एकाच प्राचीन शाखेचे. आणि तिनामूंचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे न्यूझीलंडचे नामशेष झालेले, पंखच नसलेले मोआ. उडणारे तिनामू वंशवृक्षात न उडणाऱ्यांच्या मधोमध बसत असल्याने, या शाखेत उडण्याची क्षमता एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे हरवली, असं बहुतेक संशोधक मानतात.

नोथुराच्या जातींपैकी ठिपकेदार नोथुरा शेतांतही जम बसवतो आणि भरपूर शिकार होऊनही टिकून आहे. ब्राझीलच्या सेराडो या सवाना प्रदेशातल्या छोट्या नोथुराला मात्र मूळचं गवतच लागतं, आणि तिथे सोयाबीनची शेती पसरत चालली आहे.