देणगीवर उभे राहिलेले गाणे

पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांनी 1932 साली गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि या संस्थेचे मूळ त्यांचे गुरू विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरमध्ये उघडलेल्या विद्यालयात सापडते. राजाश्रयावर, म्हणजे एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर न विसंबता, सामान्य लोकांच्या देणग्या आणि जलशांचे म्हणजे तिकीट लावून केलेल्या मैफलींचे उत्पन्न यांवर ते विद्यालय चालत असे. त्यातील उपदेशक वर्गात, म्हणजे पुढे संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या वर्गात, गरीब मुलांना राहण्याजेवणासह विनाशुल्क विद्या मिळे. शिक्षक घडवणारा हा खर्च वाद्ये दान करण्याहून अधिक दूरदृष्टीचा मानावा लागेल. मात्र या व्यवस्थेची कमकुवत बाजूही पुढे उघडी पडली, कारण विद्यालय मुंबईत विस्तारल्यावर तेथे कर्ज काढून बांधलेली त्याची इमारत लिलावात गेली. तरीही विनायकबुवा, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास आणि बी. आर. देवधर हे शिष्य त्याच परंपरेतून पुढे आले.