पेटीला न जमणारी मींड

अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचं नाव पखवाजाने दूरवर नेलं. शंकरबापू आपेगावकरांना पद्मश्री मिळाली, पुढे उद्धवबापूंनी तो वारसा चालवला. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही भजनी मंडळाला साथीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पखवाजी कच्चा असला, तर गवई कितीही तयारीचा असो, अभंग रंगत नाही. अमेरिकेतल्या ब्लूज संगीतात माउथ ऑर्गनवाल्याचं नशीब असंच मागे बसलेल्यांच्या हाती असतं.

माउथ ऑर्गन हा आपल्या पेटीचा नातलग. दोन्हींत हवेच्या झोताने धातूच्या पट्ट्या थरथरतात. पेटीला हवा भाता पुरवतो, इथे फुप्फुसं. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर यांनी १८५७ मध्ये हे वाद्य बनवायला घेतलं. त्यांच्या कंपनीचं १८९६ मधलं ‘मरीन बँड’ हे मॉडेल पुढे ब्लूजवाल्यांचं लाडकं झालं. छिद्रं दहा, पट्ट्या वीस. एकाच छिद्रात फुंकलं की एक स्वर, श्वास आत ओढला की दुसरा.

पेटीवरचा जुना आरोप संगीतप्रेमींना पाठ आहे: स्वर ठोकळ्यासारखे, मींड निघत नाही. अशाच आक्षेपांपायी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं होतं. गंमत म्हणजे त्याच कुळातल्या या खिशात मावणाऱ्या वाद्यातून मींड निघते! श्वास ओढताना जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी बदलली, की स्वर खाली घसरू लागतो. छिद्रातल्या दोन्ही पट्ट्या तेव्हा एकमेकींच्या कंपनात भाग घेतात.

कारागिरांच्या मनात हे नव्हतंच. पांढरी एकचं वाद्य पांढरी एकमध्येच, सोप्या लोकधुनांसाठी वाजावं, अशी त्याची मांडणी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी सरळ पांढरी पाचला षड्ज मानला आणि फुंकण्यापेक्षा ओढण्यावर भर दिला. मग दुसऱ्या छिद्रातून ओढलेला स्वर सा होतो. तिसऱ्यातला शुद्ध गंधार वाकवला की कोमल होतो, त्याच्या अधलीमधली जागाही सापडते. पाचव्यात कोमल निषाद तयारच असतो. ब्लूजची सगळी आर्तता या स्वरांभोवती घुटमळते.

पण आर्तता एकटीने किती वेळ तग धरणार? लिटल वॉल्टर या वादकाने मे १९५२ मध्ये शिकागोत ‘ज्यूक’ ही धून ध्वनिमुद्रित केली, तेव्हा मागे ब्लूज गायक मडी वॉटर्सचा कसलेला ताफा होता. शब्दाविना, निव्वळ माउथ ऑर्गनवर पेललेली ही धून अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर आठ आठवडे राहिली. वॉल्टर लगोलग वेगळा झाला आणि त्याने ‘एसेस’ ही मंडळी जोडीला घेतली: गिटारवर लुइस आणि डेव्ह हे मायर्स बंधू, ड्रमवर जॅझच्या तालमीत वाढलेला फ्रेड बिलो.

ब्लूजचं नेहमीचं आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं. चार-चार मात्रांचे बारा खंड. एसेसमधली एक गिटार खालच्या तारांवर चाल धरून ठेवी, दुसरी स्वरांच्या मधल्या फटीत बोले. बिलोचा ताल डुलत चाले, पण सैल पडत नसे. वॉल्टर माइक वाद्यासकट ओंजळीत दाबून धरी. अॅम्प्लिफायरमधून येणारा आवाज सॅक्सोफोनएवढा भरदार होई. त्याच्या नावाचा डंका वाजला हे खरं, पण त्याला मधेच थांबून श्वास घेण्याची चैन या तिघांमुळे परवडली.

आपल्याकडे या वाद्याला सिनेमाने घरोघरी नेलं. ‘दोस्ती’ (१९६४) मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी ते राहुलदेव बर्मन यांनी वाजवलं, तर ‘शोले’ (१९७५) मधली जयची धून भानू गुप्तांची. तिथे मींडेपेक्षा सरळ, गोड सुरावट महत्त्वाची.

ब्लूज शिकायचा असेल, तर दुकानात सहज मिळणारं दुहेरी ओळींचं ट्रेमोलो माउथ ऑर्गन उपयोगी नाही. त्यात एकाच स्वरासाठी किंचित फरकाच्या दोन पट्ट्या एकदम वाजतात आणि स्वर वाकवणं जड जातं. दहा छिद्रांचं, पांढरी एकचं डायटॉनिक मागावं. सुरुवातीला दुसरं छिद्र नीट वाजत नाही. वाद्य बिघडलंय असं वाटून बरेच जण ते परत करायला निघतात.